ड्रॅक्युलानं काढलेलं बसचं तिकीट

२७ जून १९६७ या दिवशी लंडनच्या उत्तरेला एन्फिल्ड नावाच्या उपनगरात बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर लोक जमले होते. शाखेच्या भिंतीत एक यंत्र बसवलं होतं. त्यात बँकेनं दिलेली कागदाची चिठ्ठी सरकवायची, आकडे दाबायचे, की यंत्र दहा पौंड बाहेर देणार. जगातलं पहिलं एटीएम म्हणून ज्याचं नाव घेतात ते हेच. ज्यांच्या डोक्यातून ते निघालं ते जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगला. म्हणजे बँकेतल्या कॅशियरच्या पोटावर पाय आणण्याच्या कार्यात भारतभूमीचाही थोडा वाटा आहे म्हणायचा!

तर या यंत्रातून पहिले पैसे काढण्याचा मान बँकेनं कुणाला द्यावा? कुणा मंत्र्याला नाही, लॉर्डाला नाही, थोर अर्थशास्त्रज्ञाला तर नाहीच. तो मान मिळाला रेग व्हार्नी नावाच्या, टीव्हीवर विनोदी कामं करणाऱ्या नटाला. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढलेल्या माणसाला यातली अक्कलहुशारी चटकन कळते. नव्या यंत्राला लोक बिचकतात. पण जो माणूस रोज संध्याकाळी आपल्या घरात येऊन हसवून जातो त्याला कोण बिचकणार? तो ज्या भोकात हात घालील त्या भोकात आपणही घालू, असा हा घरोबा.

या घरोब्याचे पैसे पुढं सिनेमावाल्यांनी कसे काढले, त्याची ही हकिगत.

दोनच वर्षांनी, १९६९ साली, हे व्हार्नीसाहेब ‘ऑन द बसेस’ या मालिकेत बसड्रायव्हर झाले. ड्रायव्हरचं नाव स्टॅन. घरात म्हातारी आई, बहीण ऑलिव्ह आणि तिचा नवरा आर्थर. हा आर्थर म्हणजे घरजावई या संस्थेचा इंग्लंडमधला अधिकृत प्रतिनिधी. डेपोत कंडक्टर जॅक हा दोस्त, आणि ब्लेक नावाचा इन्स्पेक्टर हा शत्रू. स्टॅन अविवाहित. एखादी कंडक्टरीण पटली, तिला घरी आणली, दिवा मंद केला, की आई चहा घेऊन यायची. आई नाही आली तर बहीण आपलं दुखणं घेऊन यायची. जागेची टंचाई हा विषय परळच्या चाळीइतकाच लंडनच्या कामगारवस्तीतही मुबलक पिकत होता.

लग्नाळू म्हणून दाखवलेले व्हार्नी तेव्हा बावन्न वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९१६चा. त्यांच्या आईचं काम पुढं ज्या डॉरिस हेअर यांनी केलं त्या जन्मल्या १९०५ साली, म्हणजे चिरंजीव मातोश्रींहून अवघे अकरा वर्षांनी लहान. आमच्या बँकेत केवायसीच्या फॉर्मवर असं काही आलं तर फॉर्म परत जातो. प्रेक्षकांनी मात्र तो बिनतक्रार पास केला. मालिका बीबीसीनं आधी नाकारली होती आणि मग आयटीव्हीवर ती इतकी चालली की १९७३पर्यंत तिचे चौऱ्याहत्तर भाग झाले.

या असल्या मालिकांचा हिशेब मी बारकाईनं पाहिला आहे. (हिशेब पाहण्याचाच पगार मिळतो, तेव्हा सवय.) अर्ध्या तासाच्या भागात कुणाला घबाड मिळतं, कुणाची बढती ठरते, कुणाचं लग्न जमतं. शेवटच्या मिनिटाला सगळी जमा खर्ची पडते आणि अखेरची शिल्लक बरोब्बर सुरुवातीच्या शिलकेइतकी येते. स्टॅनचं लग्न झालं तर मालिका बंद. आर्थरनं स्वतःचं घर घेतलं तर मालिका बंद. कुणीही घराबाहेर पडायचं नाही, या एका अटीवर हे कुटुंब उभं असतं. मागच्या आठवड्यात आपण ज्यांना जिथं सोडलं ते तिथंच बसलेले असावेत, एवढीच प्रेक्षकाची अपेक्षा. सोफासुद्धा तोच लागतो.

आता सिनेमाकडे वळू. १९४६ साली ब्रिटनमध्ये वर्षभरात १६३ कोटींहून जास्त सिनेमाची तिकिटं खपली होती. १९७० साली तो आकडा वीस कोटींच्याही खाली आला. मधल्या काळात घरोघर टीव्ही आला होता. थेटरं बंद पडत होती आणि ब्रिटिश चित्रपटांत पैसा घालणारे अमेरिकेतले सावकार हात आखडता घेत होते.

या दुष्काळात सापडलेली एक कंपनी म्हणजे हॅमर. हॅमरचा धंदा भुतांचा. १९५७ साली फ्रँकेनस्टाइन आणि १९५८ साली ड्रॅक्युला रंगीत करून त्यांनी जगाला घाबरवलं होतं. परदेशातून इतकं चलन मिळवलं की १९६८ साली उद्योगधंद्यासाठीचं राणीचं पारितोषिकही पटकावलं. मानेतून रक्त शोषून निर्यात वाढवल्याबद्दल सरकारी पारितोषिक मिळाल्याचं दुसरं उदाहरण निदान माझ्या माहितीत नाही. पण भुतांनाही दिवस असतात. लोक घाबरेनासे झाले, तेव्हा हॅमरनं डोकं चालवलं. लोकांना घरातून ज्यानं पळवलं नाही, उलट घरात बसवून ठेवलं, त्या टीव्हीवरच्याच माणसांना थेटरात आणलं तर?

असा १९७१ साली ‘ऑन द बसेस’ पडद्यावर आला. खर्च एक लाख पौंडांच्या आत. एल्स्ट्रीच्या ज्या स्टुडिओत हॅमरची पिशाच्चं हिंडत होती तिथंच स्टॅनची आई चहाची किटली घेऊन वावरू लागली. मूळ मालिका लिहिणाऱ्या वोल्फ आणि चेस्नी या जोडीनंच पटकथा लिहिली. आणि हा सिनेमा धावला म्हणजे काय, त्या वर्षी ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त कमाई करणाऱ्या चित्रपटांत तो जाऊन बसला. ड्रॅक्युलाच्या कंपनीला शेवटी एका बसड्रायव्हरनं रक्त दिलं.

तुम्ही म्हणाल, जे घरी फुकट दिसतं ते पैसे देऊन पाहायला लोक का गेले? एक कारण रंगाचं. त्या काळी बहुतेक ब्रिटिश घरांत टीव्ही अजून काळा-पांढराच होता. बस नुसती करडी पाहून कंटाळलेल्या माणसाला ती खऱ्याखुऱ्या रंगांत कशी दिसते हे पाहायचं असतं. दुसरं कारण नात्याचं. शेजारच्या आळीतली माणसं परगावी स्टेशनवर भेटली की आपण उगाचच जास्त आनंदानं हात हलवतो ना, तसं.

पण सिनेमा करणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. मालिका स्टुडिओत प्रेक्षकांसमोर व्हायची. खोलीला तीन भिंती, चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि त्यांच्यामागे हसणारी माणसं. नट वाक्य बोलायचा, हशा ओसरेपर्यंत थांबायचा, मग पुढचं वाक्य. सिनेमात हशा नाही. जागा सोडली आणि थेटर हसलं नाही, तर पडद्यावरचा नट स्मशानात पत्ता विचारणाऱ्या माणसासारखा दिसतो. जागा सोडली नाही आणि थेटर हसलं, तर पुढचे दोन विनोद बुडाले. शिवाय पंचवीस मिनिटांचं कापड ताणून नव्वद मिनिटांचा लेंगा शिवायचा. बहुतेकांनी यावर एकच उपाय काढला. दोन-तीन भागांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून टाके घातले. टाके दिसतात. माझ्या मते ‘ऑन द बसेस’मध्ये ते कमी दिसतात, कारण एका सरळ आर्थिक प्रश्नावर गोष्ट उभी आहे.

तो प्रश्न असा. डेपोत ड्रायव्हर कमी, म्हणून स्टॅनला ओव्हरटाइम भरपूर. ओव्हरटाइमच्या भरवशावर घरात वस्तू हप्त्यांनी आलेल्या. एवढ्यात कंपनी बायकांना ड्रायव्हर म्हणून घेते आणि ओव्हरटाइम बंद होतो. त्यात ऑलिव्हला दिवस गेलेले. आता ज्यानं एकदा तरी गृहकर्जाचा हप्ता भरला असेल त्याच्या पोटात इथं गोळा येणार. मग स्टॅन आणि जॅक त्या बायकांच्या केबिनमध्ये कोळी सोडतात, रस्ता बदलल्याच्या खोट्या पाट्या लावतात. तेव्हाचं थेटर यावर खदखदून हसलं. आज बघताना मला हसू फुटता फुटता मध्येच अडकतं. लंडनच्या खऱ्याखुऱ्या बस कंपनीनं पहिली बाई ड्रायव्हर घेतली ती १९७४ साली, जिल व्हायनर. म्हणजे सिनेमातल्या भित्र्या पुरुषांना वास्तवाच्या तीन वर्षं आधीच घाम फुटला होता. असं असलं तरी हप्त्यांच्या भीतीनं सज्जन माणूस किती हलकट होऊ शकतो, हे त्या सिनेमाला बरोबर ठाऊक आहे.

ऑलिव्हला बाळ झालं आणि हिशेबात खरा घोटाळा इथून सुरू झाला. सिनेमात मूल जन्मलं. टीव्हीवर त्याचा पत्ताच नाही. तिथं ऑलिव्ह-आर्थर बिनमुलाचेच. सिनेमाला काहीतरी घडायला हवं होतं, टीव्हीला काहीच घडायला नको होतं. पुढं आर्थरचं काम करणारे मायकेल रॉबिन्स मालिकेतून बाहेर पडले, तेव्हा १९७३ साली टीव्हीवर दोघांचा घटस्फोट झाला. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ‘हॉलिडे ऑन द बसेस’ या तिसऱ्या सिनेमात हेच जोडपं मुलाला घेऊन सुट्टीवर निघालेलं! एकाच इसमाची दोन खाती, एकात विभक्त आणि एकात सहकुटुंब. ऑडिटरनं कपाळाला हात लावला असता. प्रेक्षकांनी दोन्हीकडे सारख्याच भक्तीनं हसून घेतलं.

मधला दुसरा सिनेमा १९७२चा. त्यात बस सफारी पार्कात जाते आणि इन्स्पेक्टरच्या बसमध्ये सिंह चढतो. सिंह चांगला होता. पण ज्याला घरातल्या चहाच्या किटलीवर हसवता येतं त्याला सिंह कशाला लागतो?

हे यश बघून ब्रिटनमधल्या मालिकावाल्यांची रीघ लागली. सगळ्यांचा विचार साधारण एकच : टीव्हीवर यांना घरात बघितलंय, आता बाहेर नेऊ. सुट्टीवर नेऊ, जमल्यास स्पेनला नेऊ. याच्या थोडं आधी, साठीच्या दशकाच्या अगदी अखेरीला, ‘टिल डेथ अस डू पार्ट’वाल्यांनी मात्र निराळं केलं होतं. लंडनच्या गोदीजवळचं तोंडाळ, खडूस गार्नेट कुटुंब त्यांनी बाहेरगावी नेलं नाही. १९३९मध्ये, महायुद्धाच्या तोंडाशी नेलं आणि तिथून पुढं चालवत आणलं. शेवटी त्यांची जुनी आळी पाडतात आणि यांना उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये नेऊन टाकतात. ज्या घरावर मालिका उभी होती ते घरच सिनेमानं पाडून दाखवलं. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हा प्रवास जरा उलटा झाला. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पुस्तकातून निघाले ते आधी सिनेमात गेले. मास्टर विनायकांचा ‘लग्न पहावे करून’ १९४०चा, त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. तेव्हा टीव्ही आपल्या स्वप्नातही नव्हता. मुंबई दूरदर्शन आलं १९७२ साली. त्यावर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ होऊन आले आणि असे चिकटले की पुस्तकातला चिमणराव वाचताना आजही लोकांना प्रभावळकरांचाच आवाज ऐकू येतो. मग तीच जोडी मोठ्या पडद्यावरही गेली. हिंदीत पुढं २०१० साली ‘खिचडी’चं पारेख कुटुंब थेटरात आलं, तेही मालिकेतल्या बहुतेक त्याच माणसांना घेऊन. हंसाबाईंनी आपला बावळटपणा मोठ्या पडद्यासाठी जराही वाढवला नाही, हे मला फार आवडलं. होता तोच पुरेसा होता.

पण ज्या घरासाठी मी हा सगळा कागद खर्च केला ते घर अजून यायचं आहे. ‘स्टेप्टो अँड सन.’ बीबीसीवर १९६२ साली सुरू झालं. लेखक रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन. पात्रं मुख्य दोन : भंगारवाला म्हातारा अल्बर्ट आणि त्याचा चाळिशीकडे झुकलेला मुलगा हॅरोल्ड. तिसरा घोडा. (इथंही वयाचा तोच घोळ. बाप विल्फ्रिड ब्रॅम्बेल १९१२चे, मुलगा हॅरी कॉर्बेट १९२५चे. तेरा वर्षांचा फरक.) मालिका पाहणाऱ्यांचा आकडा दोन कोटींच्या वर जायचा. १९६४ च्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी संध्याकाळी तिचा जुना भाग लागणार होता, तर मजूर पक्षाचे हॅरॉल्ड विल्सन स्वतः बीबीसीच्या प्रमुखांकडे गेले. आमचे मतदार कामावरून येणार, टीव्हीसमोर बसणार आणि मतदान बुडवणार, तेव्हा कार्यक्रम पुढं ढकला! बीबीसीनं तो मतदान संपल्यावर दाखवला. विल्सन चार जागांच्या बहुमतानं पंतप्रधान झाले. त्यातल्या किती जागा भंगारवाल्याच्या, हे मोजायची सोय नाही.

या मालिकेचा पहिलाच भाग घ्या. हॅरोल्डला बाहेर पडायचंय. कुणीतरी त्याला काम देऊ केलंय. तो आपलं सामान गाड्यावर लादतो : पुस्तकं, भंगारातून जमवलेल्या चार शोभेच्या वस्तू, हळूहळू गोळा केलेला संसार. बापाशी भांडण होतं. बाप म्हणतो, घोडा माझा आहे, तो मिळायचा नाही. मग हा चाळिशीचा बाप्या स्वतःच गाड्याला खांदा लावतो. ओढतो, ढकलतो, पुन्हा ओढतो. गाडा तसूभर हलत नाही. शेवटी तो गाड्याला धरून रडायला लागतो. म्हातारा येतो, आत चल, चहा करतो म्हणतो, आणि त्याला हाताला धरून आत घेऊन जातो. विनोदी मालिका म्हणून हे दाखवलं. स्टुडिओतली माणसं हसत होती आणि हसता हसता गप्प झाली.

१९७२ साली याचा सिनेमा झाला. सिनेमानं हॅरोल्डला ते सगळं दिलं जे मालिका देत नव्हती. लग्न लावून दिलं. मुलगी क्लबात नाचणारी, पण गोड. मधुचंद्रासाठी स्पेन दिलं, ऊन दिलं, समुद्र दिला. आणि बरोबर बापही दिला. मधुचंद्राला म्हातारा सोबत! तिथलं खाऊन तो आजारी पडतो, मुलगा त्याला घेऊन घरी परततो, नवी नवरी स्पेनमध्येच राहते. गोष्टीत काही खोट नाही. तरी मला तो सिनेमा पाहताना एक चुकचुक लागून राहते. मालिकेत ती दोघं अंधाऱ्या खोलीत, भंगाराच्या ढिगात एकमेकांची उणीदुणी काढत बसली की बाहेर एक मोठं जग आहे आणि ते हॅरोल्डला मिळत नाही, हे आपल्याला न दाखवता दिसायचं. सिनेमानं ते जग दाखवलं. दिसलं ते एक साधं हॉटेल आणि रेतीचा किनारा. याच्यासाठी हा माणूस दहा वर्षं तळमळत होता? पुढच्या वर्षी दुसरा सिनेमा निघाला, आणि शिल्लक पुन्हा होती तेवढीच.

कॉर्बेट हा खरं म्हणजे गंभीर रंगभूमीवरचा नावाजलेला नट. हॅरोल्ड झाल्यावर तो बहुतांशी हॅरोल्डच राहिला. कामं यायची ती त्याच साच्याची. १९८२ साली सत्तावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेला. हॅमरलाही बसच्या पैशांनी जन्मभर पुरलं नाही. १९७९ साली जुन्या हॅमर कंपनीचं दिवाळं निघालं. ड्रॅक्युला अर्थात त्यातूनही उठला, त्याची सवयच आहे.

पण हॅरोल्डचं एक काम टीव्हीनंच केलं. २६ डिसेंबर १९७४ रोजी ‘स्टेप्टो’चा शेवटचा भाग लागला. बाप-लेक नाताळच्या सुट्टीला परदेशी निघतात. बंदरावर कळतं की हॅरोल्डच्या पासपोर्टची मुदत संपलेली आहे. हॅरोल्ड हताश होतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि तुम्ही तरी जा म्हणून म्हाताऱ्याला एकट्याला पुढं पाठवून देतो. म्हातारा दिसेनासा होतो. मग हॅरोल्ड बाहेर येतो, एका मोटारीत बसतो. मोटारीत एक बाई त्याची वाट पाहत असते. पासपोर्टचं त्याला आधीपासून ठाऊक होतं. मोटार सुरू होते आणि निघून जाते. ना घोडा, ना स्पेन, ना रुंद पडदा. त्यानंतर मालिकेचा एकही भाग निघाला नाही.